अंतर्यामीच्या ब्राउझरचा कारभार : डेस्कटॉप ॲप्स आणि कमांड लाइनवरील स्विच

आपल्या संगणकावर स्लॅक, डिस्कॉर्ड, सिग्नल, ऑब्सिडियन किंवा व्हिज्युअल स्टुडिओ कोड या नावांनी जी ॲप्स आपापल्या खिडकीत, आपापले चिन्ह धारण करून वावरताना दिसतात, त्यांचे बाह्य रूप परस्परांहून कितीही भिन्न असले तरी त्यांच्या अंतरंगात एकच यंत्र चालू असते, आणि ते यंत्र म्हणजे गूगलच्या क्रोम ब्राउझरचा मुक्त स्रोत असलेला पाया, क्रोमियम. स्पॉटिफाय आणि स्टीम यांची जडणघडण थोड्या निराळ्या मार्गाने झाली असली तरी त्यांच्याही पोटात क्रोमियमच आहे. या ॲप्सना पत्त्याची पट्टी नसते, मागेपुढे जाण्याचे बाण नसतात, आणि ब्राउझरला जे सेटिंग्जचे विस्तृत पान असते तेही नसते. परंतु पान नाही म्हणून त्या पानावरच्या बाबी नाहीशा होत नाहीत. प्रॉक्सी कोणता वापरावयाचा, चित्रांकनाचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवावयाचे की नाही, कोणते प्रमाणपत्र ग्राह्य धरावयाचे, कॅशे किती वाढू द्यावयाची, दिनांक कोणत्या भाषेत दाखवावयाचा, हे सर्व निर्णय आत बसलेला ब्राउझर घेतच असतो. ते बदलण्याचे साधन मात्र वापरणाऱ्याच्या हाती राहत नाही, आणि ॲपच्या कर्त्याने स्वतः काही सोय केली नसेल तर उरलेला सार्वत्रिक मार्ग म्हणजे ॲप सुरू करण्याच्या क्षणी कमांड लाइनवर लिहावयाचे स्विच.

या स्विचांविषयीचे माझे मत आरंभीच नोंदवितो. निदानाचे साधन म्हणून ते अमूल्य आहेत, आणि ज्याच्या यंत्रावर ॲप चालते त्याला ते उपलब्ध असणे हा त्याचा हक्क आहे. पण कायमच्या कारभाराचे साधन म्हणून ते कधीच घडविले गेले नव्हते, आणि ज्या ॲपकर्त्यांनी प्रॉक्सीसारखी नित्याची गरज वर्षानुवर्षे एखाद्या स्विचच्या भरवशावर सोडून दिली, त्यांनी आपले कर्तव्य अपुरे ठेवले आहे. हे मत कशावर आधारलेले आहे हे समजण्यासाठी स्विचांच्या उगमाकडे जावे लागते.

प्रोग्रामच्या नावापुढे आडवी रेघ आणि एखादे अक्षर लिहून त्याचे वर्तन बदलण्याची वहिवाट युनिक्सच्या जगात जुनी आहे. एकाक्षरी पर्यायापूर्वी एक रेघ हा शिरस्ता पॉसिक्स मानकाने नियमबद्ध केला, पूर्ण शब्दांच्या पर्यायापूर्वी दोन रेघा देण्याचा प्रघात ग्नू प्रकल्पाने रूढ केला, आणि डॉसच्या परंपरेत त्याच कामासाठी तिरकी रेघ वापरली गेली. क्रोमियमने हे सर्व वारसे पत्करले असून विंडोजवर तो दोन रेघा, एक रेघ आणि तिरकी रेघ ही तिन्ही चिन्हे सारखीच मानतो. प्रस्तुत लेखात स्विचांची नावे देवनागरीत देताना त्या रेघा गाळल्या आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक नावापूर्वी दोन रेघा असतात असे वाचकांनी गृहीत धरावे.

२ सप्टेंबर २००८ रोजी क्रोमची पहिली चाचणी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य असे होते की ब्राउझरचे काम एकाच प्रक्रियेत न कोंबता अनेक प्रक्रियांत विभागलेले होते: मुख्य प्रक्रिया खिडक्या आणि फाइली सांभाळते, पाने रंगविणारी रेंडरर प्रक्रिया निराळी असते, ग्राफिक्सची निराळी, जाळ्यावरील दळणवळणाची आज निराळी. मुख्य प्रक्रिया या सर्व दुय्यम प्रक्रियांना जन्म देते ती कमांड लाइननेच; 'टाइप=रेंडरर' अथवा 'टाइप=जीपीयू-प्रोसेस' असा स्विच लावून ती आपल्याच प्रोग्रामची दुसरी प्रत सुरू करते, आणि त्या प्रतीस तिचे कर्तव्य त्या ओळीवरून कळते. म्हणजे क्रोमियममध्ये कमांड लाइन ही मुख्यतः माणसाने यंत्राला हुकूम देण्याची जागा नसून यंत्राच्या एका भागाने दुसऱ्याला निरोप देण्याची जागा आहे. तिच्यावर अभियंत्यांनी चाचण्यांसाठी, प्रयोगांसाठी, एखादे नवे वैशिष्ट्य तात्पुरते झाकून ठेवण्यासाठी आणखी स्विचांची भर घातली, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. त्यांतील बहुतेकांच्या मागे पुढच्या आवृत्तीत ते टिकतील असे कोणतेही अभिवचन नाही. स्विचचे नाव बदलू शकते, अर्थ बदलू शकतो, किंवा तो एके दिवशी गुपचूप निघून जाऊ शकतो. क्रोममध्ये एकात्मिक लॉगिनसाठी विश्वासू सर्व्हरांची यादी देणाऱ्या स्विचमधील 'व्हाइटलिस्ट' हा शब्द जाऊन तेथे 'अलाउलिस्ट' आला, तेव्हा जुन्या नावावर विसंबून असलेल्या प्रत्येक कार्यालयाला आपल्या शॉर्टकटांची फेरतपासणी करणे भाग झाले.

हा ब्राउझर दुसऱ्यांच्या ॲपमध्ये जाऊन बसला तो तीन वाटांनी. मार्शल ग्रीनब्लॅट यांनी क्रोमच्या जन्मकाळीच क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क, म्हणजे सेफ, या प्रकल्पाचा पाया घातला, आणि सी++ मध्ये लिहिलेल्या ॲपच्या एखाद्या चौकटीत वेबपान दाखविण्याची सोय त्यातून झाली. स्पॉटिफाय व स्टीम या वाटेने आले. २०११ मध्ये रॉजर वांग यांनी इंटेलमध्ये नोड-वेबकिट सुरू केले, ज्याचे पुढे एनडब्ल्यू.जेएस असे नामांतर झाले. तेथे काही काळ काम केलेल्या चेंग झाओ यांनी २०१३ मध्ये गिटहबच्या ॲटम या संपादकासाठी ॲटम शेल रचले, २०१५ मध्ये त्याला इलेक्ट्रॉन हे नाव मिळाले, आणि मे २०१६ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. ॲटम संपादक डिसेंबर २०२२ मध्ये निवृत्त झाला, पण त्याच्यासाठी उभारलेली ही चौकट त्याच्यामागे टिकून सर्वदूर पसरली. मायक्रोसॉफ्टने एज ब्राउझरवर आधारलेले वेबव्ह्यू२ पुढे आणले आणि टीम्सची नवी आवृत्ती इलेक्ट्रॉन सोडून त्यावर नेली. ही चौथी वाट म्हणता येईल, परंतु तिच्या मुळाशीही क्रोमियमच आहे.

आता व्यवहाराकडे येऊ. स्विच कोठे लिहावयाचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु याच टप्प्यावर सर्वाधिक माणसे अडतात. विंडोजवर शॉर्टकटच्या गुणधर्मांत 'टार्गेट' नावाचा जो रकाना असतो, त्यात अवतरणचिन्हांतील मार्ग संपल्यावर एक जागा सोडून स्विच लिहावयाचा, हा सामान्य नियम होय. पण स्क्विरल या स्थापना-यंत्रणेने बसविलेल्या ॲप्सचा शॉर्टकट प्रत्यक्ष ॲपकडे निर्देश करीतच नाही. तो 'अपडेट' नावाच्या मध्यस्थ प्रोग्रामला हाक मारतो, आणि तो मध्यस्थ ॲप सुरू करतो. डिस्कॉर्डच्या शॉर्टकटला थेट 'डिसेबल-जीपीयू' जोडले तर ते मध्यस्थापाशीच थांबते. ते पुढे पोचण्यासाठी 'प्रोसेस-स्टार्ट-आर्ग्ज' या त्याच्या स्वतःच्या पर्यायात अवतरणचिन्हांत गुंडाळून द्यावे लागते. मॅकवर फाइंडरमधून चिन्हावर टिचकी मारताना स्विच देण्याची जागाच नाही. टर्मिनलमध्ये 'ओपन' या आज्ञेला ॲपचे नाव देऊन 'आर्ग्ज' च्या पुढे ते लिहावे लागतात. लिनक्सवर सार्वजनिक निर्देशिकेतील डेस्कटॉप फाइलची प्रत आपल्या घरच्या निर्देशिकेत घेऊन तिच्या 'एक्झेक' या ओळीत बदल करणे हा शिष्टसंमत उपाय आहे, कारण मूळ फाइलीत केलेला बदल पॅकेजच्या पुढच्या अद्ययावतीकरणात पुसला जातो. आर्च लिनक्सने याहून सुबक तरतूद केली आहे: वापरणाऱ्याच्या कॉन्फिग निर्देशिकेत 'इलेक्ट्रॉन-फ्लॅग्ज' किंवा 'क्रोमियम-फ्लॅग्ज' या नावाची साधी फाइल ठेवावयाची, आणि तिच्यातील स्विच त्या वितरणाने रचलेल्या आवरणामार्फत आपोआप लागू होतात. डेबियन क्रोमियमसाठी 'इटीसी' खालील एका निर्देशिकेतून हेच साधतो.

वेबव्ह्यू२ च्या बाबतीत शॉर्टकटचा काहीच उपयोग नाही, कारण तेथे ब्राउझर हा ॲपच्या मागे निराळा चालतो. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक विशिष्ट पर्यावरणचल ठेवले आहे आणि व्यवस्थापकांसाठी रजिस्ट्रीतील धोरणांच्या शाखेत एक स्थान राखले आहे, जेथे एखाद्याच ॲपचे नाव लिहून स्विचांचा अंमल त्याच्यापुरता मर्यादित ठेवता येतो. पर्यावरणचल सर्व यंत्राला लावले तर मात्र त्या यंत्रावरील प्रत्येक वेबव्ह्यू२ ॲप त्या कक्षेत येते, आणि एका ॲपची तक्रार मिटविण्याच्या भरात दुसऱ्या चारांचे वर्तन बदलून जाते. व्यवस्थापकांनी रजिस्ट्रीचा मार्ग पत्करावा, हा माझा आग्रह आहे.

स्विच योग्य जागी लिहूनही तो लागू झाला नाही अशी तक्रार वारंवार कानी येते. पहिले कारण, आणि दहांतील नऊ वेळा खरे ठरणारे कारण, असे की ॲप आधीच चालू असते. खिडकी बंद केली तरी ही ॲप्स घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात जिवंत राहतात. दुसऱ्यांदा सुरू केलेली प्रत पहिलीला केवळ जागे करून स्वतः संपते, आणि तिच्याबरोबर आलेला स्विच तिच्याबरोबरच जातो. तेव्हा प्रथम ॲपमधून खरोखर बाहेर पडावे. दुसरे कारण असे की क्रोमियम अनोळखी स्विचबद्दल चकार शब्द काढीत नाही. नावात एका अक्षराची चूक झाली, तरी ॲप नेहमीप्रमाणे सुरू होते आणि वापरणारा आपला उपाय निष्फळ ठरला असे समजतो. तिसरे असे की तोच स्विच दोनदा लिहिला तर शेवटचा ग्राह्य धरला जातो, म्हणून 'इनेबल-फीचर्स' दोन ठिकाणी निरनिराळ्या मूल्यांनी दिल्यास पहिली यादी व्यर्थ जाते. सर्व नावे स्वल्पविरामांनी जोडून एकाच ठिकाणी द्यावी लागतात. ॲपचा कर्ता स्वतःच्या कोडमधून स्विच जोडीत असेल, तर इलेक्ट्रॉनच्या 'रेडी' या घटनेपूर्वीच ते जोडावे लागतात; त्यानंतर जोडलेल्यांतील बहुतेक निष्प्रभ ठरतात, कारण तोवर दुय्यम प्रक्रियांचा जन्म होऊन गेलेला असतो. या सर्व संशयांचे निवारण करणारी साक्ष एकच आहे, आणि ती म्हणजे चालू प्रक्रियेची खरी कमांड लाइन: विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तिचा स्तंभ दाखविता येतो, लिनक्सवर 'प्रॉक' निर्देशिकेत प्रत्येक प्रक्रियेच्या नावे ती नोंदलेली असते, आणि प्रत्यक्ष क्रोममध्ये आवृत्तीच्या पानावर ती संपूर्ण छापलेली मिळते. ती पाहिल्यावाचून तर्क लढविण्यात वेळ घालवू नये.

आता स्विचांच्या उपयोगाचे क्षेत्र पाहू. सर्वांत अधिक वापरला जाणारा स्विच बहुधा 'डिसेबल-जीपीयू' हाच असावा. खिडकी काळी पडणे, अक्षरे थरथरणे, चलचित्र सुरू होताच ॲप कोसळणे, या विकारांचे मूळ ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि क्रोमियम यांच्यातील बेबनावात असते, आणि या स्विचने चित्रांकनाचे काम मुख्य प्रक्रियकाकडे आले की विकार थांबतो. स्टीमसाठी हेच काम 'सेफ-डिसेबल-जीपीयू' हा त्याचा स्वतःचा, एकाच रेघेने लिहावयाचा पर्याय करतो. परंतु या उपायाची किंमत विजेच्या आणि वेगाच्या रूपाने रोज मोजावी लागते, म्हणून त्याचा उपयोग दोष कोठे आहे हे निश्चित करण्यापुरता करावा आणि नंतर ड्रायव्हर बदलावा हे उचित. याउलट 'फोर्स-डिव्हाइस-स्केल-फॅक्टर' हा स्विच उच्च घनतेच्या पडद्यावर अक्षरे बारीक दिसणाऱ्या वृद्ध वाचकांना खरोखर दिलासा देतो, आणि त्याला मी कायम ठेवण्याजोग्या थोड्या स्विचांत गणतो.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडने या बाबतीत जी पद्धत स्वीकारली ती अनुकरणीय आहे. त्याने वापरणाऱ्याच्या घरच्या निर्देशिकेत 'आर्गव्ही.जेसन' नावाची फाइल ठेवली, तिच्यात कोणत्या नोंदी चालतील याची मर्यादित यादी ठरविली, आणि हार्डवेअरचा प्रवेग बंद करणे, भाषा निवडणे, परवलीच्या शब्दांचा साठा कोठे ठेवावयाचा हे सांगणे अशा मोजक्या गोष्टींना त्या फाइलीत अधिकृत स्थान दिले. ॲप कोणत्याही मार्गाने सुरू होवो, ती फाइल वाचली जाते. शॉर्टकट पुन्हा लिहिला गेला तरी तिला धक्का लागत नाही. आणि जे स्विच ॲपकर्त्याने अभ्यासलेले नाहीत ते तिच्यातून आत शिरत नाहीत. स्विच आणि सेटिंग यांच्यामधला हा टप्पा सर्वच ॲपकर्त्यांनी निर्माण केला असता तर या विषयावर इतके लिहिण्याची आवश्यकताच उरली नसती.

परवलीच्या साठ्याचा उल्लेख आला म्हणून सिग्नलची हकिकत सांगणे योग्य होईल. सिग्नलचे डेस्कटॉप ॲप संदेशांच्या साठ्याची किल्ली दीर्घकाळ एका साध्या फाइलीत उघडी ठेवीत असे. २०२४ मध्ये ती कार्यप्रणालीच्या सुरक्षित साठ्याच्या आधाराने कूटबद्ध करण्यास प्रारंभ झाला. लिनक्सवर असा साठा एकच नसून ग्नोमचा निराळा आणि केडीईचा निराळा आहे. डेस्कटॉपचे वातावरण बदलल्यावर ॲपला आपली किल्ली जुन्या साठ्यातून काढता येईना, तेव्हा 'पासवर्ड-स्टोअर' या स्विचने त्याला कोणत्या साठ्याकडे जावयाचे हे स्पष्ट सांगावे लागते. ज्या स्विचवर एखाद्याचा संपूर्ण पत्रव्यवहार उघडणे किंवा न उघडणे अवलंबून आहे, तो शॉर्टकटच्या एका ओळीत लिहिलेला असावा ही स्थिती समाधानकारक म्हणता येत नाही.

प्रॉक्सीचा मामला याहून गुंतागुंतीचा आहे. 'प्रॉक्सी-सर्व्हर' हा स्विच दिला की क्रोमियम कार्यप्रणालीच्या प्रॉक्सी सेटिंग्ज बाजूला ठेवून दिलेला पत्ता वापरतो; 'प्रॉक्सी-बायपास-लिस्ट' ने अपवाद सांगता येतात, आणि तो पहिल्याच्या सोबतीनेच चालतो; संस्थेने पॅक फाइल, म्हणजे प्रॉक्सी निवडण्याचे नियम सांगणारी फाइल, ठेवली असेल तर 'प्रॉक्सी-पॅक-यूआरएल' आहे. पण त्या पत्त्यात नाव आणि परवलीचा शब्द लिहिण्याची सोय नाही, त्यामुळे ओळख मागणाऱ्या प्रॉक्सीपुढे ॲपच्या कर्त्याने लॉगिनची घटना स्वतः हाताळली नसेल तर ॲप मुकाट्याने अडून बसते. आणखी एक बाब फार थोड्यांच्या लक्षात येते. इलेक्ट्रॉनमध्ये दोन स्वतंत्र जाळे-यंत्रणा नांदतात, एक क्रोमियमची आणि दुसरी नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या यंत्रणेची. स्विचचा अंमल पहिलीपुरताच आहे. ॲपने आपली अद्ययावत आवृत्ती नोडच्या साधनांनी मागविली तर ती मागणी प्रॉक्सीला वळसा घालून थेट बाहेर जाण्याचा प्रयत्न करते आणि कार्यालयाच्या भिंतीवर आदळते. मग संदेश येतात पण ॲप अद्ययावत होत नाही, अशी विचित्र अवस्था दिसते, आणि दोष प्रॉक्सीच्या सर्व्हरवर ढकलला जातो.

स्मृतीच्या मर्यादेविषयीही असाच गैरसमज प्रचलित आहे. 'जेएस-फ्लॅग्ज' मधून व्ही८ या जावास्क्रिप्ट यंत्राला अधिक स्मृती द्यावी असा सल्ला जुन्या काळी खरा होता. परंतु इलेक्ट्रॉनच्या १४ व्या आवृत्तीपासून व्ही८ चे निर्देशक संक्षिप्त स्वरूपात साठविले जाऊ लागले, आणि त्यामुळे एका प्रक्रियेच्या जावास्क्रिप्ट साठ्याची कमाल मर्यादा ४ गिगाबाइट झाली. त्याहून मोठा आकडा लिहिला तरी मर्यादा वाढत नाही. डॉकरमध्ये क्रोमियम चालविणाऱ्यांची अडचण निराळी आहे: तेथे सामायिक स्मृतीसाठी मुळात ६४ मेगाबाइटच जागा मिळते, जड पान उघडताच ती अपुरी पडते, आणि 'डिसेबल-डीईव्ही-एसएचएम-यूसेज' हा स्विच ते काम तात्पुरत्या फाइलींकडे वळवितो. डॉकरलाच अधिक सामायिक स्मृती देण्यास सांगणे हा त्याहून सरळ उपाय होय.

येथवर जे सांगितले त्यात हानी झाली तर वेळेची आणि सोयीची. 'नो-सँडबॉक्स' हा स्विच निराळ्या जातीचा आहे. क्रोमियमच्या संरक्षणाचा गाभा असा की पान रंगविणाऱ्या प्रक्रियेला फाइली वाचण्याचा, इतर प्रोग्राम सुरू करण्याचा अखत्यारच दिलेला नसतो. पानातून घुसलेल्या आक्रमकाने ती प्रक्रिया काबीज केली तरी तो चार भिंतींत अडकतो. हा स्विच त्या भिंती पाडतो. लिनक्सवर त्या भिंती उभ्या राहण्यासाठी सामान्य वापरकर्त्याला स्वतंत्र नेमस्पेस निर्माण करण्याची मुभा असावी लागते, किंवा 'क्रोम-सँडबॉक्स' ही साहाय्यक फाइल रूट वापरकर्त्याच्या मालकीची आणि ४७५५ या परवानगीची असावी लागते. उबुंटूच्या २४.०४ आवृत्तीने ॲपआर्मर या सुरक्षा-यंत्रणेच्या द्वारे पहिली मुभा मूलतः आखडती घेतली; ॲपइमेज स्वरूपातील ॲपला दुसरा मार्गही बंद असतो, कारण ती ज्या प्रकारे जोडली जाते त्यात अशा विशेष परवानग्या मानल्या जात नाहीत. परिणामी अनेक ॲप्स सुरूच होईनात, आणि सर्वत्र सल्ला दिला गेला तो 'नो-सँडबॉक्स' लिहिण्याचा. योग्य उपाय त्या ॲपसाठी ॲपआर्मरची एक छोटी प्रोफाइल लिहून मुभा देणे हा आहे. काही ओळींचा तो दस्तऐवज लिहिण्याचा कंटाळा करून रोज परक्यांचे संदेश, दुवे आणि चित्रे उघडणाऱ्या ॲपचे संरक्षण काढून टाकणे हे मला अक्षम्य वाटते, आणि ज्या ॲपकर्त्यांनी स्वतःच्या डेस्कटॉप फाइलीत तो स्विच कायमचा लिहून ठेवला आहे त्यांचे कृत्य तर अधिकच. 'इग्नोर-सर्टिफिकेट-एरर्स' हाही त्याच पंक्तीतला. कार्यालयाचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र यंत्राच्या साठ्यात नोंदविणे हे त्याचे उत्तर आहे.

स्विच हा आक्रमकाचेही हत्यार होऊ शकतो हे जानेवारी २०१८ मध्ये जगापुढे आले. सीव्हीई-२०१८-१०००००६ या क्रमांकाने नोंदलेला दोष असा होता: अनेक इलेक्ट्रॉन ॲप्स विंडोजवर स्वतःच्या नावाचा दुवा-प्रकार नोंदवितात, म्हणजे वेबपानावरील तसल्या दुव्यावर टिचकी मारली की ॲप उघडते, आणि दुव्याचा मजकूर ॲपच्या कमांड लाइनवर जातो. त्या मजकुरात अवतरणचिन्ह बेमालूम पेरले की पुढचा भाग दुवा न राहता स्विच होतो. आणि क्रोमियममध्ये 'जीपीयू-लाँचर' नावाचा एक चाचणीचा स्विच आहे, जो ग्राफिक्सची प्रक्रिया कोणत्या प्रोग्रामच्या मार्फत सुरू करावयाची हे सांगतो. एका टिचकीने परक्याच्या यंत्रावर वाटेल तो प्रोग्राम चालविता येई. इलेक्ट्रॉनने तातडीने धोकादायक स्विचांची निषिद्ध यादी आत घातली, आणि ॲपकर्त्यांना नोंदणीच्या ओळीत दुव्यापूर्वी केवळ दोन रेघा लिहिण्याची शिफारस केली, कारण त्यांच्यापुढचे काहीही क्रोमियम स्विच म्हणून वाचीत नाही. परंतु ती यादी मोठ्या व लहान अक्षरांत भेद करीत होती, आणि विंडोजवर क्रोमियम तसा भेद करीत नाही. त्याच वर्षी तो दोष निराळ्या क्रमांकाने दुरुस्त करावा लागला, आणि पुढे 'होस्ट-रूल्स' हा दळणवळण भलतीकडे वळविणारा स्विच यादीतून सुटल्याचेही आढळून आले. हजारांवर स्विचांतून वाईट तेवढे वेचून वगळण्याची पद्धत टिकाऊ ठरत नाही याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा देता येणार नाही. मोजके स्विच मान्य करून उरलेले सर्व नाकारणे, हाच मार्ग उरतो.

क्रोमने स्वतःही अलीकडे हा अखत्यार आखडता घेतला आहे. 'रिमोट-डीबगिंग-पोर्ट' हा स्विच विकासकांच्या उपयोगाचा, पण त्याच दारातून घातक प्रोग्राम लॉगिनच्या कुकीज चोरू लागले. कुकीजच्या कूटबद्धीकरणाला ॲपशी बांधणारी योजना २०२४ मध्ये आल्यावर चोरांचा ओढा या दाराकडे वाढला, म्हणून २०२५ मधील १३६ व्या आवृत्तीपासून नेहमीच्या प्रोफाइलवर तो स्विच मानलाच जात नाही. 'यूजर-डेटा-डिर' ने निराळी निर्देशिका द्यावी लागते. पाठोपाठ १३७ व्या आवृत्तीत अधिकृत क्रोममधून 'लोड-एक्स्टेन्शन' गेला. इलेक्ट्रॉनने 'फ्यूज' नावाची व्यवस्था दिली आहे: ॲप बांधताना मूळ फाइलीतील ठराविक खुणा पालटून ॲपला साध्या नोडसारखे चालविण्याचा चोरमार्ग आणि तपासणीचे पर्याय कायमचे बंद करता येतात, आणि त्यावर स्वाक्षरी झाल्यामुळे नंतरचा फेरफार कार्यप्रणालीला ओळखता येतो. पण क्रोमियमच्या स्विचांना हे फ्यूज आवरीत नाहीत. ॲपकर्त्याने आरंभीच आपली कमांड लाइन तपासून नको असलेला स्विच दिसताच थांबणे, ही खबरदारी अजून त्यालाच घ्यावी लागते, आणि ती घेणारे मला थोडेच आढळले आहेत.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने दोन प्रश्नांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. पहिला भाषेचा, म्हणजे 'लँग=एमआर' या स्विचचा. क्रोमियमबरोबर मराठीची भाषाफाइल येते, आणि ती निवडल्यावर ज्या ॲपने दिनांक व संख्या ब्राउझरच्या स्थानिक रूपात छापण्याचे ठरविले आहे, तेथे अंकही देवनागरी उमटतात. मात्र ॲपचा आकार कमी करण्यासाठी इंग्रजीखेरीज इतर भाषाफाइली बांधणीच्या वेळी गाळण्याचा प्रघात आहे. तेथे हा स्विच काहीच करू शकत नाही. लिनक्सवर तर भाषेचा निर्णय बहुतांशी पर्यावरणचलांवरून होतो, म्हणून तेथे त्यांचीही जोड लागते.

दुसरा प्रश्न टंकलेखनाचा, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा. इन्स्क्रिप्टचा आराखडा कळफलकाच्या मूळ व्यवस्थेतूनच चालत असल्यामुळे त्याला सहसा बाधा येत नाही. परंतु रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळविणारे आयबस किंवा एफसीआयटीएक्सचे मार्ग निवेशपद्धतीच्या यंत्रणेवर अवलंबून असतात. लिनक्सचे डेस्कटॉप जुन्या एक्स११ या खिडकी-व्यवस्थेवरून नव्या वेलँडकडे गेले, तेव्हा इलेक्ट्रॉन ॲप वेलँडवर थेट चालविण्यासाठी 'ओझोन-प्लॅटफॉर्म-हिंट=ऑटो' द्यावे लागे, आणि ते दिल्याबरोबर अक्षरे स्वच्छ होत पण मराठी उमटणे बंद पडे, कारण वेलँडवरील निवेशपद्धती 'इनेबल-वेलँड-आयएमई' ने निराळी सुरू करावी लागते; ग्नोमवर तर त्याच्या जोडीला 'वेलँड-टेक्स्ट-इनपुट-व्हर्जन=३' हेही सांगावे लागते, कारण तेथे वेलँडच्या निवेश-नियमावलीची केवळ तिसरी आवृत्ती मानली जाते. २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनच्या ३८ व्या आवृत्तीने वेलँड हेच मूळ वर्तन केले. त्यामुळे ज्यांनी कोणताही स्विच लिहिला नव्हता अशांच्याही ॲपवर आता हा प्रश्न येऊन ठेपू शकतो. निवेशपद्धतीचे हे दोन स्विच ॲपकर्त्याने 'रेडी' पूर्वी स्वतःच्या कोडमध्ये जोडले तर त्याचे काम दोन ओळींत होते, आणि लिप्यंतराने लिहिणाऱ्या मराठी, हिंदी वा कानडी लेखकाला डेस्कटॉप फाइल उघडण्याची गरजच पडत नाही; ॲपची नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी ग्नोमच्या वेलँड सत्रात आयबसने एक जोडाक्षर टंकून पाहणे ही त्यासाठीची चाचणी होय.